मुठीचा डबा

आमच्या मंडळीच्या पंचांनी मला पत्रक लिहायला सांगितलं आहे. चार पानं. विषय त्यांनीच ठरवून दिला: ख्रिस्ती मंडळीने सुवार्तेसाठी, म्हणजे येशूच्या शुभवर्तमानासाठी, जगायचं म्हणजे नेमकं काय करायचं. सुवार्ता सप्ताह तोंडावर आला आहे, मी गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवतो, आणि चळवळीची पत्रकं लिहून लिहून माझा हात वळलेला आहे. काम माझ्याच गळ्यात पडणार हे उघड होतं. एरवी मी एका बैठकीत चार पानं लिहून उठतो. या वेळी चार दिवस झाले, मथळासुद्धा उतरत नाही.

दोष हवेचा आहे. संक्रांत नुकतीच झाली. मुंबईच्या वाट्याला येते ती चार दिवसांची थंडी आली आहे. तारांवर फाटके पतंग लोंबताहेत, सकाळी नळाचं पाणी हाताला चावतं, आणि नाताळात गॅलरीत टांगलेला कागदी तारा आत्याने अजून उतरवलेला नाही. सहाला गिरणीचा भोंगा होतो. तो झाला की मला तीन वर्षांपूर्वीचा जानेवारी आठवतो, कारण त्या जानेवारीत तो होत नव्हता.

भोंगा गप्प झाला की लालबाग कसं होतं, ते त्या दिवसांत पाहिलं. सवयीने जागी झालेली माणसं अंथरुणावर नुसती बसून राहायची. वाळत घातलेल्या धोतरावर काजळी पडायची नाही. आमच्या गल्लीत चिमण्या आहेत हे मला त्या आठवड्यात कळलं. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही, दिल्लीच्या हाताखाली ठेवायची, असं रेडिओवर सांगितलं गेलं आणि शहर रस्त्यावर उतरलं. मग अश्रुधूर. मग गोळ्या. सकाळी दोन तास संचारबंदी उठायची तेव्हा रस्त्यात चपला पडलेल्या दिसायच्या, एकेकट्या, जोडीदार नसलेल्या. एक लहान मापाची होती, लाल पट्ट्याची. ती मी अजून विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

आमचं देऊळ चिंचपोकळीच्या बाजूला आहे. आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. कुणाला ते खटकत असेल तर खटको. कौलारू, बुटकं, पुढे लोखंडी गेट. समोर गिरणी कामगारांची चाळ. मधली गल्ली दहा पावलांची. पावलं मी मोजलेली आहेत.

त्या जानेवारीत गेटला कुलूप होतं. किल्ली मास्तरांच्या कोटाच्या खिशात. मास्तर म्हणजे आमचे ज्येष्ठ पंच, निवृत्त शिक्षक, पांढरं धोतर, काळा कोट, काळी टोपी. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, नगरला गेले होते ते गाड्या बंद झाल्याने तिकडेच अडकले, आणि मंडळी मास्तरांच्या हाती आली. मास्तरांचं म्हणणं साधं होतं. आपण मूठभर. दोन्ही बाजूंचा मार आपल्याला परवडायचा नाही. देवळात राजकारण नको.

मी संतापलो होतो. आजही त्या कुलपाची आठवण झाली की संतापतो. शेजारी माणसं गोळ्या खाताहेत आणि आपण आत बसून भजनं म्हणतोय, वर त्याला भक्ती म्हणतोय. बाहेर चळवळीतले मित्र मला गमतीने विचारायचे, तू रे कुठला, विलायतेचा की महाराष्ट्राचा? मी म्हणायचो, माझी आजी जात्यावर ज्या भाषेत रडली त्या भाषेचा. ते हसायचे आणि पत्रकांचा गठ्ठा माझ्या हातात द्यायचे. पण शाळेपासून ऐकलेलं दुसरं वाक्य हसण्यावारी जात नसे: पावाच्या तुकड्यासाठी बाटलेले. ते वाक्य माझ्या खिशात कायम होतं, मास्तरांच्या किल्लीसारखं.

आता डब्याचं सांगतो, कारण सगळं त्या डब्याभोवतीच झालं.

आमच्या घरांत भाताला तांदूळ घेतले की त्यातली एक मूठ बाजूला पडते. चुलीशेजारी पत्र्याचा डबा असतो. मूठ त्यात. घरात पाहुणा असो, रेशन संपत आलेलं असो, मूठ पडतेच. बाईचा हात आपोआप जातो. रविवारी सगळे डबे देवळात येतात आणि वेदीपुढच्या चादरीवर रिकामे होतात. लहानपणी मला प्रार्थनेपेक्षा तो आवाज आवडायचा, सरसर, एकामागून एक. ढीग पाहिला की घरं ओळखू यायची. हा कोकणातल्यांचा लालसर उकडा, हा रेशनचा खड्यांचा, ही कुणाची तरी नुसती कणी. हे धान्य सुवार्तेच्या कामासाठी. दर महिन्याला ते घाटावरच्या एका खेड्यात आमच्या सुवार्तिकाच्या घरी जायचं. सुवार्ता म्हणजे ती दूर, एस.टी.ने जायची गोष्ट, असं आम्ही धरून चाललो होतो. दहा पावलांवर चाळ होती.

चाळीत जायची ती फक्त माझी आत्या. मार्थाबाई. तिचं काम बायबलबाईचं, म्हणजे घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं. वीस वर्षं ती कापडी पिशवी घेऊन चाळ चढत होती. वाचन किती झालं देव जाणे. पोरांचे आलेले डोळे धुणं, गावाकडची पत्रं वाचून दाखवणं, उत्तरं लिहिणं, बाळंतिणीजवळ बसणं, हे झालं. चाळीत अर्ध्या खोल्यांत घाटावरची दलित कुटुंबं होती, भिंतीवर कोट घातलेल्या त्यांच्या नेत्याची तसबीर. त्यांची पुढारीण ठमाबाई. नवरा गिरणीत, दोन मुलगे गिरणीत, तिघेही त्या दिवसांत घरी. ठमाबाई आत्याला एकेरी हाक मारायची, आत्या तिला. विधवा, मूलबाळ नसलेल्या माझ्या आत्याला दुसरं घर होतं ते ते.

त्या रविवारी बाजूच्या दाराने तीसेक माणसं उपासनेला आली. मास्तरांनीच बोध केला, वर्गात बोलावं तशा खणखणीत आवाजात, विश्वासणाऱ्याने मिठासारखं असावं या विषयावर. खिडक्या उघड्या होत्या. समोरच्या गॅलरीत लेकरं भुकेने किरकिरत होती, ती आम्हाला ऐकू येत होती. म्हणजे आम्हीही त्यांना ऐकू जात होतो. डबे रिकामे झाले, ढीग झाला, आणि आत्या उभी राहिली. बायका आमच्यात सहसा उभ्या राहात नाहीत. ती म्हणाली, गाड्या बंद आहेत, हे खेड्यात जायचं नाही. समोर न्यावं.

मास्तर ढिगाकडे वळले. मग म्हणाले, न्या. पण मंडळीचं नाव त्यावर असू दे. दिलं कुणी ते कळायला नको का?

इथे मी उभं राहून नको म्हणायला हवं होतं. मी काय केलं? मी म्हणालो, चिठ्ठी मी छापतो.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. आमचं देऊळ लोकांच्या बाजूने आहे हे एकदा छापलं जाऊ दे, बोलणाऱ्यांची तोंडं बंद होऊ देत. दुसऱ्या सकाळी संचारबंदी उठली तसा मी गिरगावापर्यंत जवळजवळ पळत गेलो. मालकांनी छापखाना उघडून दिला. चळवळीच्या पत्रकांतून उरलेला गुलाबी कागद होता. मजकूर मी खिळ्यांवरच जुळवला: ख्रिस्ती मंडळीकडून गरजूंस प्रेमपूर्वक. खाली बारीक टाइपात रविवारच्या उपासनेची वेळ, सर्वांचे स्वागत. भोवती वेलबुट्टीची चौकट. सुबक झाली होती चिठ्ठी. पायाने यंत्र मारत होतो आणि शीळ घालत होतो.

मंगळवारी आम्ही पुड्या बांधल्या, प्रत्येक पुडीत तांदूळ, वर गुलाबी चिठ्ठी, आणि आत्याने त्या दारोदार दिल्या. तिच्या हातून दिल्या म्हणून लोकांनी घेतल्या.

बुधवारी सकाळी गेटच्या पायरीवर पुड्या परत आलेल्या होत्या. ओळीने मांडलेल्या, एकही फोडलेली नाही. शेजारी ठमाबाई उभी. गेटच्या आत आत्या, मी आणि मास्तर. ठमाबाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मार्थे, वीस वरसं तू येतीस," ती म्हणाली. "पोरांचं डोळं धुतलंस. कधी आधी कागुद दावून धुतलंस का गं?"

आत्याने गेटचा गज हातात धरला.

"आमच्यात इचार चाललाय कुठल्या वाटेनं जायचं. वाट बदलायची हाय, ते ठरलंय. पर ती आमी ताठ मानंनं बदलू. उद्या कुणी म्हणायला नको, ठमी मूठभर तांदळाला गेली."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. तुमची पोरं उपाशी आहेत आणि तुम्हाला मानाचं पडलंय, असलं काहीतरी. सुदैवाने ते तिथेच राहिलं. कारण ऐकता ऐकता मला उमगलं की जे वाक्य मी शाळेपासून खिशात घेऊन फिरत होतो, तेच मी गुलाबी कागदावर चौकटीत छापून तिच्या हातात दिलं होतं. पावाच्या जागी तांदूळ, एवढाच फरक.

ठमाबाई गेली. आत्या म्हणाली, "सामू, लिहिलंस तू, दारोदार वाटलं मी. चाळीची पायरी मला उतरायला लागणार."

गुरुवारी ती नेहमीसारखी पिशवी घेऊन चाळीत गेली आणि पाव तासात परत आली. तीन दारांवर तिला हेच ऐकू आलं: आज नको बाई. चौथं दार ठमाबाईचं. ते लोटलेलंच होतं. आत्या खाटेवर बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडवत राहिली. वीस वर्षं आणि एक चिठ्ठी.

हे सगळं मी आज पंचांना कोणत्या मथळ्याखाली सांगू? आपण द्यायला जातो आणि आपलं नाव आधी पुढे करतो. ही खोड काही एकट्या ख्रिस्ती माणसाची नाही. चळवळीत मी पाहिलं आहे, पत्रकाखाली कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली यावरून दोन गट तासभर भांडले, आणि पत्रक निघालंच नाही. पण आपण तर प्रेमाच्या गोष्टी करणारी माणसं. प्रेमाची पोच मागायला लागलो की समोरच्याला ते प्रेम गिळवत नाही. माझ्यासारख्या छापखान्यातल्या माणसाला हे कळायला जड गेलं. खाली नाव नसलेला मजकूर मला अजूनही अर्धवट वाटतो.

शुक्रवारी सकाळी आत्याने पुड्या सोडल्या. तांदूळ पुन्हा मोठ्या डब्यात भरले, चिठ्ठ्या चुलीत घातल्या. मी बघत होतो, ती म्हणाली नुसता बघतोस काय, डबा उचल. डोक्यावर नाताळच्या जेवणाचं मोठं पातेलं घेऊन ती दहा पावलं चालली. मागे मी. मास्तर देवळाच्या बाजूच्या दारात उभे होते. तेही आले, का ते त्यांनी सांगितलं नाही.

चाळीच्या चौकात पातेलं ठेवून आत्याने ठमाबाईच्या दाराकडे पाहून सांगितलं की तिला एवढ्या माणसांचं रांधता येत नाही, घरात चूल एकाच पातेलीची. "ठमे, तुझी चूल दे. पाणी मी भरते."

वर गॅलऱ्यांत माणसं जमली होती. मग ठमाबाई खाली आली, डब्यात हात घालून तांदूळ वर काढले, तळहातावर पसरले आणि नाक मुरडलं. "ह्यो उकडा, ह्यो जुना, ही कणी. ह्याचा भात केला तर निम्मा कच्चा ऱ्हाईल, निम्म्याचा चिखल. ह्याची पेजच करायला पायजे."

म्हणजे ती करणार होती.

तीन दगड, गिरणीतल्या फुटक्या खोक्यांची फळकुटं, चौकभर धूर. आत्या नळावरून कळशी आणायची, ओतायची, पुन्हा जायची. मला ढवळायला उभं केलं. पेजेला वेळ लागतो. सगळ्या घरांचे तांदूळ एकाच मऊपणाला यायला तर फारच. संचारबंदी पुन्हा लागली तेव्हा पेज अर्धीच झाली होती, आणि आम्ही तिघं चाळीतच अडकलो.

पेज झाली. पंगत बसली. पोरं आधी, मग म्हातारी माणसं. ठमाबाईने पहिली वाटी भरली आणि ती मास्तरांपुढे धरली. मास्तरांचे आजोबा कोकणातले ब्राह्मण, हे चाळीला ठाऊक होतं. आमच्या देवळात जात नाही असं आम्ही म्हणतो, हेही ठाऊक होतं. म्हणतो. मास्तरांनी उभ्या जन्मात चाळीत पाण्याचा घोट घेतलेला मी पाहिला नव्हता. प्रभुभोजनाच्या प्याल्याला एकत्र ओठ लावणारी आमची माणसं लग्न जुळवताना काय काय विचारतात, तेही मला माहीत होतं. आत्याने मान खाली घातली. आत्ता मास्तरांनी हात मागे घेतला असता, तर ठमाबाईचं दार पुन्हा उघडणार नव्हतं.

मास्तर मांडी घालून खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. वाटी तोंडाला लावली, भुरका मारला आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ नाही," ते म्हणाले.

ठमाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दोन दिस झालं चाळीत मिठाचा खडा न्हाई. मागल्या ऐतवारी तुमच्या देवळातनं मिठाचंच ऐकू येत हुतं, मास्तर. हितं आणा की वाईच."

वरच्या गॅलरीत कुणीतरी फसकन हसलं. मग अख्खी चाळ हसली. किती दिवसांनी हसली असेल.

मास्तर उठले. टोपी डोक्यावर नीट बसवली आणि चौकातून थेट गल्लीत पाऊल टाकलं. संचारबंदी होती. नाक्यावर पोलिसांची गाडी उभी होती, बंदुकाही होत्या. शिट्टी झाली. मी मागे धावलो, तर आत्याने माझा सदरा धरला. एक हवालदार दोन पावलं पुढे येऊन ओरडला, कुठे निघालात? साठी उलटलेले मास्तर गल्लीच्या मधोमध थांबले, त्याच्याकडे वळले आणि वर्गातल्या आवाजात म्हणाले, "मीठ आणायला."

हवालदाराने अडवलं नाही. एवढं सरळ उत्तर त्याला त्या आठवड्यात कुणी दिलं नसावं. मास्तरांनी खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं, आत गेले. गल्लीत चिमण्या ऐकू येत होत्या. ते बाहेर आले तेव्हा देवळामागच्या खोलीतली मिठाची बरणी त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली होती. हात मोकळा नव्हता, त्यामुळे गेट उघडंच राहिलं. ती दहा पावलं ते चालत आले, आणि मी इकडून एकेक मोजलं. ते पुन्हा आपल्या वाटीपाशी येऊन बसले.

गेट पुढे बंद झालं नाही. पाळकसाहेब नगरहून परत येईपर्यंत देवळात जखमींचे बिछाने होते, चौकात रोज पेज होती, आणि पेजेत तांदूळ कुणाचा ते कुणाला ओळखू येत नव्हतं. मास्तर आणि माझं राजकारणावरून त्यानंतरही भांडण झालं, अजून होतं. चळवळीच्या सभेला ते एकदाही आलेले नाहीत.

भोंगा पुन्हा सुरू झाला त्या सकाळी ठमाबाई आमचा डबा घेऊन आली. आपल्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत. डब्यात ज्वारीची एक मूठ होती. तिने सांगितलं, घाटावर तुमचा कोण माणूस हाय त्याला धाडा, तोबी उपाशी असंल. आणि जाता जाता, जणू मधे काही झालंच नव्हतं तसं, आत्याला म्हणाली, "मार्थे, नातवाचं डोळं आल्यात. बघून जा." आत्या तशीच निघाली, पिशवी घ्यायलाही थांबली नाही.

त्याच वर्षीच्या दसऱ्यानंतर ठमाबाईच्या घराने बुद्धाची वाट धरली. ठरवल्याप्रमाणे, ताठ मानेने. आत्याला बोलावणं होतं. ती गेली आणि खीर खाऊन आली. एका पंचांनी तिला विचारलं, वीस वर्षं त्या चाळीत घातलीत, आपल्यात एक तरी माणूस आलं का? आत्या म्हणाली, "मी मोजायला जात नव्हते."

मला पत्रक लिहिता येत नाही ते याच्यामुळे. त्या पंचांना चार पानं हवी आहेत, आणि माझ्याकडे हे एक वाक्य आहे, तेही माझं नाही. मुंबई अजून आपल्या हाती आलेली नाही. द्वैभाषिक राज्याचं जोखड मानेवर आहे, लढा चालू आहे, आणि ती मिळेपर्यंत मी चळवळीची पत्रकं लिहीत राहणार, खाली ठळक नावासकट. पण सप्ताहाच्या बैठकीत मी पंचांना तोंडावर सांगणार आहे: सप्ताह देवळात भरवायचा नाही. पातेलं उचला, समोर चला, चूल मागा. मागता येत नसेल तर द्यायला जाऊ नका. मास्तर माझ्या बाजूने बोलतील की नाही ठाऊक नाही. नाही बोलले तरी माझं बोलून होईल.

आत्ताच सहाचा भोंगा झाला. स्वयंपाकघरातून मूठ डब्यात पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ आत्याची हाक: सामू, ठमीची सून बाळंत झालीय, थोडे तांदूळ पोचव, डबा नको, पुडी कर.

पंचांचा कागद टेबलावर चार दिवस कोरा पडला आहे. चांगला जाड आहे. पुडीला तोच घेतला.